अक्षराचं चित्र नको, अक्षर द्या

मला फोन समजू नका. मी पुस्तकं वाचायचं यंत्र आहे. ई-रीडर म्हणतात मला. तळहाताएवढा पडदा, त्यावर छापल्यासारखी काळी अक्षरं. माझ्यावरून फोन करता येत नाही, फोटो काढता येत नाही. एकच काम मला नीट येतं: अक्षर लहान-मोठं करणं. तेवढंसुद्धा लोकांनी मला सुखानं करू दिलं नाही, म्हणून आज मी जरा रागातच बोलणार आहे.

माझे पहिले मालक श्रीनाथराव, नांदेडचे. बँकेत साहेब होते. त्यांनी माझ्या पोटात पुस्तकांची रास ओतली आणि मला कपाटात ठेवून दिलं. एकही पुस्तक पुरं वाचलं नाही. पुस्तक उतरवून घेतलं की वाचल्यासारखंच वाटतं काही माणसांना.

पुढे त्यांची बदली लातूरजवळच्या औशाला झाली. चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून ते एकदा निजामोद्दीन यांच्या दुकानात गेले. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चष्म्यांचं छोटंसं दुकान आहे ते, वडिलांपासून चालत आलेलं. चष्मा दुरुस्त होईपर्यंत वेळ घालवायला साहेबांनी मला पिशवीतून काढलं. दिसेना म्हणून अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं.

निजामोद्दीन यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"साहेब, हे अक्षर अजून मोठं होतंय का?"

"पाहिजे तेवढं होतं."

"माझी पोरगी हाय, सुमय्या. साऱ्या औशाला मी चष्मे लावतो, पण तिला माझा एकबी चष्मा लागू पडत न्हाई. डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय. डॉक्टर म्हणतात, काचेनं काम व्हायचं न्हाई, अक्षरच मोठं करा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच ठेवा हे. माझ्याकडे नुसतं पडून आहे," म्हणाले आणि गेले. त्यांच्यावरचा माझा राग तेवढा त्या दिवशी ओसरला.

सुमय्या सतरा वर्षांची. नजरेच्या मधोमध तिला धुकं दिसायचं, कडेचं मात्र स्पष्ट. समोरच्याचं तोंड बघायचं तर ती त्याच्या कानाकडे बघायची. मला तिनं डोळ्याजवळ धरलं, अक्षर वाढवत वाढवत नेलं. एका ओळीत चार शब्द मावतील एवढं झालं, तेव्हा थांबली. मग तिनं एक अख्खी गोष्ट कुणाच्याही मदतीशिवाय वाचली. संपल्यावर म्हणाली, "अब्बा, मला वकील व्हायचंय." निजामोद्दीन हसले. त्यांना वाटलं, गोष्टीत वकील असेल. गोष्ट तर एका कोल्ह्याची होती.

वकिलीच्या प्रवेश परीक्षेसाठी त्यांनी तिला लातूरला क्लास लावला, राहायला खोली बघून दिली. क्लास भुजंग सरांचा. अख्खी गल्ली क्लासेसचीच. भिंत दिसत नव्हती, नुसते फ्लेक्सवरचे गुणवंतांचे चेहरे. आणि तिथंच माझा छळ सुरू झाला.

क्लासच्या नोट्स मिळाल्या त्या पीडीएफमध्ये, तेही कागदाचे फोटो काढून केलेल्या. वाचणाऱ्यांनो, एवढं समजून घ्या: ते अक्षर नव्हे, अक्षराचं चित्र. चित्रातल्या भाकरीनं पोट भरतं का? अख्खं पान माझ्या पडद्यावर आलं की मुंग्यांची रांग. मोठं करावं तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. सुमय्या एकेक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवायची, परत डावीकडे आणायची, तोवर ओळच चुकायची. पोरीचे डोळे गळायला लागायचे. शिवी मात्र मला बसायची, "मेलं यंत्रच भिकार हाय!"

ज्यात अक्षरं मोकळी असतात, पडद्याच्या मापानं ओळी आपोआप खाली उतरतात, अशी ईपब नावाची फाईल असते. ती तिनं क्लासमध्ये मागितली. तिथल्या माणसानं फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच भरून दिला. मी पान उघडलं, तर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. तिसऱ्यांदा विचारायला गेली, तेव्हा उत्तर आलं, "आमचं ॲप वापर फोनवर." त्या ॲपमध्ये अक्षर मोठंच होत नव्हतं. माझ्यात तर ते चालतच नव्हतं.

शेवटी निजामोद्दीन औशाहून आले. बापलेक भुजंग सरांच्या केबिनमध्ये गेले. मी सुमय्याच्या हातात होतो.

"सर, नोट्स टाईप केलेल्या असतील की तुमच्याकडं. तेवढी साधी फाईल द्या," सुमय्या म्हणाली.

"बेटा, मोकळी फाईल दिली की उद्या गावभर होते. आमची मेहनत आहे."

"मी कुणाला देणार न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

तिनं पीडीएफचं पान उघडून मला टेबलावर ठेवलं. "सर, तुमचा चष्मा काढा आणि ही एक ओळ वाचून दाखवा."

सरांचा चेहरा लाल झाला. "तू मला शिकवू नकोस!"

निजामोद्दीन स्वभावानं गरीब. गिऱ्हाईक ओरडलं तरी हसणारा माणूस. पण त्या दिवशी ते उभे राहिले.

"सर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी हिच्याएवढाच होतो. लोक धान्य घेऊन गेले, घोंगड्या घेऊन गेले. माझे अब्बा दुकानातले सगळे चष्मे पेटीत भरून घेऊन गेले. लोक हसले. तिथं पत्र्याच्या शेडात सरजाबाई म्हणून एक म्हातारी बसलेली. चष्मा ढिगाऱ्यात गेलेला. घरातलं कोण उरलंय, हे हात फिरवून बघून राहिली होती. अब्बांनी एकेक चष्मा तिला लावला. एक बसला. तिनं नातीचं तोंड बघितलं आणि मग रडली. तवर रडलीच नव्हती. अब्बांनी तिला विचारलं न्हाई सर, की हा चष्मा तू दुसऱ्या कुणाला घालायला तर देणार न्हाईस ना?"

सरांनी केबिनचं दार लोटून घेतलं.

सर म्हणाले, "बरं चाचा, हिला एकटीला देतो. बाहेर बोलायचं नाही."

मला वाटलं, सुटलो! पण सुमय्या म्हणाली, "आमच्या बॅचला व्यंकटी हाय, मुखेडचा. त्याला तर माझ्याहून कमी दिसतंय. त्यालाबी द्या."

"त्याचं नंतर बघू."

"मग माझंबी नंतरच बघा."

आणि तिनं मला उचललं. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता बाप रागावणार. हातातोंडाशी आलेलं पोरीनं लाथाडलं होतं. निजामोद्दीन यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल, उसाचा रस पिऊ."

पुढचं काम सुमय्याच्या खोलीतल्या मैत्रिणीनं केलं. मनस्विनी तिचं नाव, नांदेडच्या शिक्षिकेची लेक, बोलण्यात पटाईत. ती क्लासच्या नोट्सना हात न लावता शाळेची पुस्तकं आणि राज्यघटना मोठ्यानं वाचायची, फोन ऐकून टाईप करायचा. फोनही एक नमुनाच. 'कलम'चं त्यानं 'मलम' केलं. 'खंडपीठ'चं 'थंड पीठ' केलं. दोघी हसून हसून लोळायच्या आणि मग एकेक चूक काढायच्या. एका फुकटच्या सॉफ्टवेअरनं त्या मजकुराची ईपब झाली.

तरी माझं दुखणं संपलं नव्हतं. मला बनवणाऱ्यांनी जे वाचक-सॉफ्टवेअर माझ्यात बसवलं होतं, त्याला मराठीची जोडाक्षरंच कळत नव्हती. 'न्याय' लिहिलं की 'न' पाय मोडून एकीकडे, 'याय' दुसरीकडे. लंगडा न्याय! जगभर मला विकणाऱ्यांना एवढी मोठी भाषा आहे याचा पत्ता नसावा? लाज वाटली मला माझ्या जन्मदात्यांची. मनस्विनीनं शोध घेऊन दुसरं सॉफ्टवेअर माझ्यात बसवलं, जाड वळणाचा फॉन्ट घातला. त्या संध्याकाळी माझ्या पडद्यावर पहिल्यांदा न्याय सरळ उभा राहिला. तीच फाईल व्यंकटीच्या फोनवरही गेली. त्यानं रात्रभर वाचून सकाळी चुका कळवल्या, तेव्हा आपल्याआधी त्याचं वाचून झालं म्हणून सुमय्याला त्याचाही राग आला.

परीक्षेत मला आत नेता आलं नाही; तिथं पेपर वाचून दाखवायला तिला नियमानं एक माणूस मिळाला. मी निजामोद्दीन यांच्या दुकानात चष्म्यांच्या काचेच्या पेटीत पडून होतो. निकाल लागला. सुमय्याला नांदेडच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. व्यंकटीला त्या वर्षी नाही मिळाला; त्यानं पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा मिळाला.

सुट्टीत सुमय्या मला पिशवीत घालून, अजून लातूरलाच शिकणाऱ्या मनस्विनीला भेटायला आली होती. रिक्षातून उतरली आणि थबकली. चौकात दुमजली फ्लेक्स. त्यावर तिचा फोटो, खाली हातभर उंचीच्या अक्षरांत तिचं नाव, आणि 'भुजंग सरांची यशस्वी विद्यार्थिनी'.

तिनं मान वाकडी करून ते सगळं वाचलं. मग थेट केबिनमध्ये गेली.

"सर, माझा फोटो उतरवा."

"अगं, तुझाच मान आहे तो!"

"तुमच्या क्लासचं मला वाचता आलेलं हे पहिलंच पान हाय, सर. माझं नाव छापायला एवढं मोठं अक्षर सापडलं तुम्हाला. मग शिकवायला का न्हाई सापडलं? आता जी पोरं तुमच्याकडं आहेत, त्यांना मोकळी फाईल द्या. मग फोटो खुशाल राहू द्या."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. फाईल निघाली नाही. दहा माणसं लावून दुमजली कापड खाली आणणं त्यांना परवडलं, एक फाईल मोकळी करणं परवडलं नाही!

आता माझी बॅटरी लवकर उतरते. एका कोपऱ्याला तडा गेलाय. सुमय्या म्हणते, वकिलीची सनद मिळाली की पहिला दावा या मोकळ्या फाईलीसाठीच लावणार. तोवर मला टिकायचं आहे. तुमच्यापैकी जे पुस्तकं करतात, नोट्स काढतात, ॲप बनवतात, त्यांना मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. आणि खरं सांगू? असते तरी जोडले नसते. पोरीनं मागितलेली ती भीक नव्हती.