गाळलेली ओळ

निवेदिता ज्या कंपनीत कामाला होती ती फोनचे वायरलेस चार्जर बनवायची. कारखाना चाकणच्या पट्ट्यात, महाळुंग्याजवळ होता आणि ऑफिस वाकडला. निवेदिताचं काम शब्दांचं. चार्जरबरोबर फोनमध्ये एक अ‍ॅप घ्यावं लागायचं आणि त्या अ‍ॅपमध्ये दिसणारं प्रत्येक वाक्य, इंग्रजी असो की मराठी, ती लिहायची. मराठी तर तिनंच भांडून आणलं होतं. 'कृपया प्रतीक्षा करा' तिला आवडायचं नाही. तिनं तिथं 'जरा थांबा, होतंय' असं लिहिलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

उन्हाळ्यात तक्रारी यायला लागल्या, की चार्जरवर ठेवलेला फोन फार तापतो. इंजिनिअरांनी त्यावर एक उपाय काढला. चार्जरच्या आतलं सॉफ्टवेअर, ज्याला ते फर्मवेअर म्हणायचे, ते बदलायचं. नवं फर्मवेअर चार्जिंगचा जोर कमी करणार होतं, आणि फोन जाड कव्हरमध्ये असेल तर चार्जिंग बंदच करणार होतं. तसं झालं की चार्जरचा लाल दिवा लुकलुकणार.

निवेदितानं अपडेटचा मजकूर लिहिला. त्यातली दुसरी ओळ अशी होती : 'तुमच्या फोनला जाड कव्हर असेल तर ते काढून फोन ठेवा, नाहीतर चार्ज होणार नाही.'

वरद तिचा वरिष्ठ. त्यानं मजकूर वाचला आणि म्हणाला, "ही ओळ काढ. लोक विचारतील, काल चालत होतं, आज का नाही? मग तापण्याचा विषय निघेल. काहीतरी छान लिही, तुला जमतं ते."

तिनं वाद घातला नाही. ओळ काढली आणि लिहिलं, 'तुमचा चार्जर आता आणखी समजूतदार झालाय. अपडेट करा आणि निश्चिंत व्हा.' मीटिंगमध्ये सगळ्यांनी त्याची तारीफ केली. निवेदिता त्या दिवशी खुशीत घरी गेली.

तिची आत्या, सगुणाबाई, महाळुंग्यातच राहायची. शेतीचा मोठा तुकडा कंपन्यांत गेला होता, उरलेल्यात थोडी भाजी व्हायची. मुलगा गोरख एका कारखान्यात शिफ्टला जायचा. आत्याला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, पण उजवा हात गेल्यातच जमा होता आणि डाव्याची बोटंही नीट वळायची नाहीत. फोनच्या बारक्या भोकात वायरची पिन घालणं तिला जमायचं नाही, म्हणून दिवाळीत निवेदितानं तिला आपल्या कंपनीचा चार्जर दिला. आत्याला त्याचं केवढं कौतुक! "नुसता ठिवायचा! कुनाला हाक माराया नको," असं ती येईल त्याला सांगायची. हातातून फोन पडतो म्हणून गोरखनं त्याला रबराचं जाडजूड कव्हर घातलं होतं.

अपडेट सुरू झाल्यावर निवेदिता एका रविवारी आत्याकडे गेली. ओट्यावर शेजारच्या शालनबाई बसल्या होत्या. आत्यानं फोन पुढं केला. "निवे, ह्यात कायतरी आलंय बघ."

आत्यानंच डोळे बारीक करून, अक्षराला अक्षर जोडत, अपडेटचा मजकूर मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर शालनबाईंकडे बघून म्हणाली, "आमच्या निवीनं लिवलंय ह्ये. समद्या महाराष्ट्रात वाचत्यात."

"व्हय? लईच ग्वाड लिवलंय," शालनबाई म्हणाल्या.

निवेदितानं फोन हातात घेतला. कव्हरवरून तिची बोटं फिरली. ते फार जाड होतं, तिला कळत होतं. पण आत्ताच कौतुक झालेल्या त्या वाक्यांमागून 'आता हे कव्हर चालणार नाही बरं का' असं सांगायचं तिच्या जिवावर आलं. चालेलही कदाचित, असं तिनं मनाला सांगितलं आणि 'अपडेट करा' वर बोट ठेवलं. चहा होईपर्यंत काम झालं. फोन आधीच पूर्ण भरलेला होता, त्यामुळे चार्ज होतोय की नाही हे पाहायचा प्रश्नच आला नाही. ती निघाली.

त्यानंतर आत्याचा फोन लागेनासा झाला. एरवी ती रोज सकाळी निवेदिताला फोन करायची, काही कारण नसताना, मेथी किती निघाली ते सांगायला. गोरखला विचारलं तर तो म्हणाला, "आईला विचारलं ताई, तर म्हणते मलाच नको वाटतोय आता फोन. काय डोक्यात घेतलंय कुणास ठाऊक." निवेदिताला काय झालं असेल ते तेव्हाच उमगलं होतं. या रविवारी जाऊ, असं ती म्हणत राहिली. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मग दिल्लीचे दोन मोठे विक्रेते कारखाना बघायला आले. त्यांना अ‍ॅप समजावून द्यायला वरदनं निवेदितालाही गाडीत घेतलं. कारखान्याच्या फाटकाशी गाडी तपासणीसाठी थांबली. चौकीपाशी, सुती लुगड्यात, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरून आत्या उभी होती.

"मावशी, इथं रिपेर होत न्हाय," चौकीवरचा सनी म्हणत होता. "दुकानात घेऊन जा."

"दुकानदार म्हनतो कंपनीत जा. बाबा, बघ की आत कुनाला तरी इचारून. माझी भाचीच हाय तुमच्या कंपनीत. पर तिला कळवू नगंस. तिनं दिवाळीला दिल्याला, माझ्या हातनं बिघडला."

गाडीची काच अर्धी खाली होती. एका विक्रेत्यानं विचारलं, "क्या हुआ इनको?"

"कुछ नहीं, गाँव की हैं, काम पूछने आ जाती हैं," वरद म्हणाला.

निवेदितानं तोंड उघडलं नाही. आपण बोललो की आत्या पिशवीतून चार्जर काढणार, लाल दिव्याची गोष्ट सांगणार, आणि ते दोघं ऐकणार, एवढंच त्या क्षणी तिच्या डोक्यात होतं.

सनीनं विचारलं, "भाचीचं नाव काय? सांगा, आत फोन लावतो."

आत्यानं वळून गाडीकडे पाहिलं. दोघींची नजर मिळाली. आत्याच्या चेहऱ्यावर आधी ओळखीचं हसू आलं. मग तिनं गाडीतली बाकीची माणसं पाहिली, त्यांचे कपडे पाहिले, निवेदिताचं खाली गेलेलं तोंड पाहिलं. तिनं डाव्या हातानं पदर कपाळावर ओढला.

"न्हाई बाबा," ती सनीला म्हणाली. "चुकलं माझं. ती दुसऱ्या कंपनीत हाय."

आणि ती पिशवी सावरत रस्त्याच्या कडेनं चालू लागली. फाटक उघडलं, गाडी आत गेली. निवेदिताला सुटल्यासारखं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या सुटल्यासारखं वाटण्याची.

कारखाना दाखवून झाल्यावर ती वाकडच्या गाडीत बसलीच नाही. रिक्षा करून आत्याच्या घरी गेली. आत्या पडवीत डाव्या हातानं मेथीची पानं खुडत होती.

"अगं, निवे! आज इकडं कुटं?" तिनं अगदी सहज विचारलं.

"आत्या, सकाळी गेटवर मी..."

"कुठल्या गेटवर? मी तर कुटं गेले न्हाई. बस, पानी घे."

निवेदिता खाली बसली. आत्या तिच्याकडे न बघता पानं खुडत राहिली. तिनं सकाळ मिटवून टाकली होती, आणि तीही निवेदिताच्या सोयीसाठी. ते सहन होईना.

"मी गाडीत होते. तू मला पाहिलंस. मी बोलले नाही."

"मोठी मानसं व्हती तुझ्यासंगं," आत्या म्हणाली. "तितं काय बोलायचं?"

"चार्जर कुठंय?"

आत्याचा चेहरा उतरला. "निवे, खरं सांगू का, कसा बिघडला मला उमगलं न्हाई. पानी सांडलं आसंल, न्हाईतर पडला आसंल. फोन ठिवला की लाल डोळा मारतो. पयल्यांदा शालनीकडं जाऊन तिच्या वायरीला लावत व्हते. तिची सून रोज तोंड वाकडं कराया लागली, मग सोडलं. गोरखला बोलले असते तर त्यानं तुला सांगितलं असतं, आन् तू यवढ्या हौसेनं दिल्याला..."

"तू बिघडवला नाहीस, आत्या." निवेदितानं पिशवीतला चार्जर काढून जोडला, फोन कव्हरमधून सोडवला आणि त्यावर ठेवला. पांढरा दिवा लागला. "कव्हर जाड आहे म्हणून तो घेत नव्हता. अपडेटनंतर तसं झालंय. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

आत्या त्या दिव्याकडे बघत राहिली. "म्हंजी मी मोडला न्हाई?"

"नाही."

"आगं बया," म्हणून तिनं छातीवर हात ठेवला आणि ती हसली. एवढे दिवस तिनं हे ओझं वाहिलं होतं. मग तिच्या मनात काहीतरी आलं. "पर त्यात लिवलं व्हतं का कव्हर काडा म्हून? मी तर समदं वाचलं व्हतं."

"नव्हतं लिहिलं."

"इसरलीस व्हय?"

आत्यानं वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं.

"विसरले नाही. आधी लिहिलं होतं. मग काढायला सांगितलं."

"आन् तू काडलंस."

तिचा आवाज चढला नव्हता. निवेदितानं मान हलवली. आत्यानं मेथीची जुडी पुन्हा पुढं ओढली.

तेवढ्यात शालनबाई आल्या. दिवा पाहून म्हणाल्या, "झाला का नीट? सगुणा, तुला म्हनलं व्हतं, असल्या नाजूक वस्तूला हात लावत जाऊ नगंस."

"व्हय की," आत्या लगेच म्हणाली. "माझ्याच हाताचा दोष."

"नाही शालनबाई," निवेदिता म्हणाली. "आत्याचा काही दोष नाही. दोष माझा आहे. त्या दिवशी मीच अपडेट केलं. काय होणार ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

शालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. "माहीत व्हतं?" त्या म्हणाल्या, आणि आणखी काही न बोलता निघून गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निवेदिताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती वरदसमोर उभी राहिली. "ती ओळ परत घालायची आहे. लोकांना वाटतंय चार्जर त्यांनी बिघडवला. काल गेटवर जी बाई होती ती माझी आत्या."

वरद दचकला. मग म्हणाला, "सॉरी, मला माहीत नव्हतं. पण एक विचारू? अशा तक्रारी महिनाभर येतायत. त्यांना उत्तरं कोण लिहितंय?"

उत्तरं तीच लिहीत होती. 'चार्जर कोरड्या कपड्यानं पुसून फोन पुन्हा ठेवून पाहा.' कितीतरी लोकांना तिनं हे पाठवलं होतं. त्यातले किती जण आपापल्या घरात चार्जर पुसत बसले असतील, किती जणांनी घरच्यांची बोलणी खाल्ली असतील, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आत्या नसती तर आजही केला नसता.

"मीच लिहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. आजपासून मी ते लिहिणार नाही."

वरदनं वर विचारतो म्हणून सांगितलं. बरेच दिवस काहीच झालं नाही. तक्रारी वाढत गेल्या तशी मग परवानगी मिळाली, पण ओळ सगळ्यात शेवटी टाकायची या अटीवर. निवेदितानं तीही मान्य केली. आधी तक्रार केलेल्या प्रत्येकाला तिनं नवं उत्तर पाठवलं. काहींनी आभार मानले. एकानं लिहिलं की त्यानं रागाच्या भरात चार्जर कधीच फेकून दिला.

महाळुंग्यात गोरखनं आईच्या फोनला पातळ कव्हर घातलं आणि फोन पडू नये म्हणून त्याला गळ्यात अडकवायची दोरी लावली. फोन सावकाश भरायचा, पण भरायचा. सकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. आत्या पहिल्यासारखीच बोलायची. गेटचा विषय तिनं कधी काढला नाही. निवेदिताला मात्र तिच्याशी बोलताना दर वेळी गाडीची ती अर्धी उघडी काच आठवायची.

नवं अपडेट आलं त्या दिवशी निवेदिता ऑफिसात होती. आत्याचा फोन आला.

"निवे, आगं, परत कायतरी आलंय ह्यात. दाबू का?"

"दाब आत्या. काही होणार नाही."

"ह्यातनं काय गाळलंय का गं?" आत्यानं विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पावसापाण्याची चौकशी करावी तसं तिनं विचारलं होतं.

"नाही आत्या, यात सगळं आहे," निवेदिता म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"बरं," आत्या म्हणाली. "मग गोरख शिफ्टवरनं यिऊ दे. त्याला एकदा वाचाया लावते, मग दाबते."