परीक्षेच्या टेबलावरचे हिरवे कापड

मित्रांनो, कोणी मला दस्तरखान म्हटले की माझे डोके फिरते. मी जेवणाखाली अंथरायचे कापड नाही. मी परीक्षेच्या टेबलावरचे कापड आहे. जुने, हिरवे, जाड लोकरीचे. नारिन या डोंगरातल्या शहराच्या विद्यापीठात जिथे हिशेबनीस आणि लेखापरीक्षक घडवतात, त्या विभागाच्या कपाटात मी घडी होऊन पडलेले असते आणि परीक्षा आली की बाहेर येते.

माझा जन्म सरोवराकाठच्या गिरणीत झाला. मेंढ्यांच्या लोकरीचे सूत, त्याची घट्ट वीण, गरम पाण्यात आटवणे, मग हिरवा रंग. गिरणीतल्या बाया म्हणत, "हे साहेबाच्या टेबलावर जाणार बघ." साहेब नशिबी नव्हता. ट्रकमध्ये बसून, घाट चढून मी इथे आले. तेव्हा इथे सामुदायिक शेतांसाठी हिशेबनीस तयार होत. पुढे देश बदलला, नाणे बदलले, ती गिरणीही बंद पडली. बँका आल्या, कंपन्या आल्या. पुस्तके तीनदा बदलली. मी तेच राहिले.

आमच्या परीक्षेची रीत सांगते. प्रश्नांची तिकिटे माझ्यावर पालथी मांडतात. विद्यार्थी येतो, एक उचलतो, त्याचा क्रमांक मोठ्याने सांगतो, कोपऱ्यात बसून तयारी करतो आणि मग टेबलापलीकडच्या परीक्षकांना तोंडी उत्तर देतो. कोणी डाव्या हाताने तिकीट उचलतो. कोणी बुटात टाचेखाली पाच कोपेकचे जुने नाणे ठेवून लंगडत येतो. नशीब साथ देते म्हणे. तळहात मात्र सगळ्यांचे ओले. त्या घामाने माझी कड काळवंडली आहे. ती मी कुणाला धुऊ दिली नसती.

या टेबलामागे सर्वांत जास्त वर्षे बुरुल एजे बसल्या. एजे म्हणजे थोरली बहीण. इथे शिक्षिकेलाही तशीच हाक मारतात. त्या लेखापरीक्षण शिकवत. पहिल्याच तासाला सांगत, "ज्याचा हिशेब तपासायचा, त्याचा चहासुद्धा प्यायचा नाही."

मुले हसत. आमच्याकडे आलेल्याला चहा न देणे हा अपमान आणि त्याने तो न पिणे हा त्याहून मोठा.

"मग एजे, आम्हाला घरात कोण घेणार?"

"घरात नाही घेतलं तर नाही. कामावर घेतील."

इतर विभागांत शेवटच्या परीक्षेला मुलांच्या घरून परीक्षकांसाठी जेवण येई. नान, कणकेचे तळलेले बोरसोक, मटणाची परात. त्याला कोणी लाच म्हणत नसे, आदर म्हणत. तिकिटे खिडकीत सरकत आणि टेबलावर ताटे मांडली जात. बुरुल एजेंनी हे माझ्यावर एकदाही होऊ दिले नाही. लोक त्यांना खडूस म्हणत. म्हणोत.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. त्या जिथे कोपर टेकून उत्तरे ऐकत, तिथली माझी लव झिजून गेली आहे.

जूनमध्ये त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी पेरिजात आली. ती याच विभागात शिकवते, दर वर्षी नव्या कंत्राटावर. सकाळी तिने मला पसरले, तळहाताने सुरकुत्या काढल्या. त्या झिजलेल्या जागी हात थांबला. मग तिने तिकिटे मांडली.

तेवढ्यात विभागप्रमुख इशेनबेक अगाय आले. अगाय म्हणजे गुरुजी.

"पेरिजात, तिकिटं जरा बाजूला घे. तुर्सुनाय बाई आल्यात. पोरासाठी मेंढी कापलीय त्यांनी."

"परीक्षा झाल्यावर खाऊ या, अगाय."

"झाल्यावर? राजधानीहून बँकेचे साहेब आलेत परीक्षक म्हणून. उपाशी बसवू त्यांना?"

"समोर खानावळ आहे."

"अगदी आईवर गेलीस तू." ते हसले, पण गोड नव्हे. "तिचं मी ऐकून घेतलं, ती वयानं मोठी होती. तुझं कंत्राट ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर येणार आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. त्या टेबलावर तुम्ही जेवत नसालच."

अगायांनी स्वतःच्या हाताने तिकिटे गोळा करून खिडकीत ठेवली आणि दाराकडे मान हलवली. तुर्सुनाय बाई आत आल्या. फुलाफुलांचे प्लास्टिक माझ्यावर पडले, त्यावर नान, त्यावर गरम परात. मित्रांनो, इतकी वर्षे मी घामाचे, शाईचे, आसवांचे डाग घेतले. त्या परातीसारखे जड काही माझ्यावर कधी ठेवले गेले नव्हते.

बँकेच्या साहेबांनी बोरसोककडे हात नेलाही होता.

पेरिजात उठली. आमच्याकडे समोर आलेल्या नानला पाठ दाखवत नाहीत. तिने एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि म्हणाली, "तुर्सुनाय एजे, नानचा मान राखला. आता हे सगळं बाहेर न्या."

"का? माझ्या अन्नात विष आहे?" बाईंचा आवाज चिरला. "पहाटेपासून चुलीपुढं आहे मी! तुझ्या आईला तरी कधी कुणाचं सुख बघवलं?"

पेरिजातचा चेहरा पांढरा पडला. तिने माझी कड मुठीत धरली, पण ती बसली नाही. आता हरलो, असे मला वाटले.

तेव्हा दारातून एर्झात बोलला. तुर्सुनाय बाईंचा मुलगा. यादीत पहिले नाव त्याचेच.

"आई, उचल ते."

"तू गप रे!"

"उचल म्हणतो ना. मला येतंय. मेंढी इथं राहिली तर मला येतंय हे कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा."

उघड्या खिडकीतून पॉपलरचा पांढरा कापूस आत तरंगत होता. साहेबांनी हातातले बोरसोक हळूच परत ठेवले. "तशी मला फारशी भूक नाही," ते म्हणाले. तुर्सुनाय बाईंनी परात उचलली, इतक्या जोरात की रस्सा सांडला. तो डाग अजून आहे.

अगायांनी हाताळलेली तिकिटे पेरिजातने पुन्हा पिसली आणि पालथी मांडली. एर्झातने एक उचलले. तो चांगले बोलला, घसाऱ्यापाशी अडखळला. मग अगायांनी मुद्दाम असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर पेरिजातलाही आठवून द्यावे लागले असते.

"हे मला येत नाही," एर्झात म्हणाला. सरळ, मान वर ठेवून.

पाचपैकी तीन गुण मिळाले. पास होण्यापुरते.

बाहेर बाई ओरडल्या, "तीन? अख्खी मेंढी कापून तीन?"

"मेंढीला शून्य मिळालं, आई. तीन माझे आहेत."

पेरिजातचे कंत्राट ऑगस्टभर अगायांच्या टेबलावर पडून राहिले. शेवटी सही झाली. नारिनच्या थंडीत लेखापरीक्षण शिकवायला दुसरे कोणी यायला तयार नव्हते. पण राग कुठेतरी निघायला हवा. म्हणून विभागासाठी काचेचे टेबल मागवले आहे आणि मला कापून फडकी करावीत, असा आदेश निघाला आहे.

मित्रांनो, लोकरीला ऊन दाखवावे, कसर लागू देऊ नये, एवढे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळे मागते. उद्या तुम्ही बँकेत बसाल, कंपन्यांचे हिशेब तपासाल. तुमच्यापुढेही कोणीतरी प्रेमाने परात ठेवील. तेव्हा उठून उभे राहा. पाय थरथरले तरी राहा.

आणि अगाय, कात्री खुशाल चालवा. माझे कितीही तुकडे केलेत, तरी प्रत्येक तुकड्यावर एक तिकीट मावेल.