तव्याला लागलेलं

तव्याच्या मधोमध नखाएवढा काळा पापुद्रा होता, कडेला किंचित उचललेला, आणि तिला वाटलं, हा निघाला की पुढचं आपोआप सुटेल. लाकडी उलथन्याची कड तिनं त्याखाली सरकवली. पापुद्रा तुटला. खालचं तसंच राहिलं... कांदा, टोमॅटो, कोंबडीची कातडी आणि नवऱ्याचा उत्साह, सगळं आटून झालेलं डांबर.

रविवार होता. नवरा अजून लोळत होता. लोळणारच, काल त्यानं स्वयंपाक केला होता ना! वर्षातून दोनदा तो करायचा. मग त्याला घरातली सगळी पातेली लागायची, कौतुकाला पाहुणे लागायचे, आणि हाताशी एक माणूस लागायचं – ती – मीठ कुठाय, विचारायला. बावीस वर्षं मीठ एकाच फळीवर होतं.

तिनं तवा गॅसवर ठेवला, तापू दिला, वाटीभर गरम पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ तोंडावर आली. बिडाच्या तव्याला साबण चालत नाही, भिजत टाकणं चालत नाही, आंबट तर मुळीच नाही. वर्षानुवर्षं तेल पाजून त्याला जी काळी चकाकी येते ती एका टोमॅटोनं उतरते. काल तिनं हे हळूच सांगितलं होतं, दुसरं भांडं घ्या म्हणून. त्यावर त्यानं नणंदेकडे बघून डोळे मिचकावले होते, म्हणे हिच्या तव्याचा थाट माणसांपेक्षा जास्त. नणंद हसली. नणंदेचा नवराही हसला. तो जेवण मिळेपर्यंत कशालाही हसतो.

आणि मग जेवता जेवता, हातातला डाव हलवत, त्यानं सांगितलं की आपण शुक्रवारी राजीनामा दिला. बसस्टँडमागे एका मित्राबरोबर खाणावळ काढणार. नणंदेनं टाळ्या वाजवल्या. ती स्वतः तेव्हा पाव वाढत होती. तिनं विचारलं, आणखी कुणाला हवाय का. नंतर स्वयंपाकघरात नणंदेनं हलकेच विचारलं, वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं ना? – म्हणजे काय, ती म्हणाली होती. ते खोटं बोलणं रात्रभर तिला टोचत होतं.

खाणावळ! ज्या माणसाला स्वतःचा रुमाल सापडत नाही... तिनं जाडं मीठ टाकलं आणि फडक्याचा बोळा करून घासायला घेतलं. मीठ करडं झालं, मग तपकिरी. हिंमत नव्हती म्हणून पाहुण्यांच्या आडोशानं सांगितलं, एवढंच. कीव करावी एवढीही त्याची लायकी नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते वाक्य इतकं नीट जमलं होतं की तिला जरा बरंच वाटलं.

कापडाच्या गिरणीत ती तपासणीला होती. उजेडाच्या काचेवरून दिवसभर कापड सरकायचं. तुटका धागा, गाठ, डाग दिसला की खूण करायची. एकोणीस वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. कापडाचा रंग कोणता होता, हे मात्र संध्याकाळी तिला आठवायचं नाही.

नवरा दारात येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले. तव्याकडे बघून म्हणाला, "रात्रीच भिजत टाकायला हवा होता."

"गंज चढतो."

तो गेला नाही. चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला की चार महिने ठरवत होता, रोज जेवताना वाटायचं, आज सांगू.

"मग?"

"तू तसं तोंड करतेस."

"कसं?"

"आत्ता आहे तसं."

तिचा हात थांबला. पण तिनं काहीच केलं नव्हतं. चेहरा आपला रिकामा आहे, नुसता कामात आहे, असंच ती धरून होती... आणि कुठून कोण जाणे, मुलगी आठवली, नऊ वर्षांची, शाळेत शिवलेलं काहीतरी पाठीमागे लपवून उभी – तू आधी हस, मग दाखवते. ती हसली होती. मुलीनं बराच वेळ तिला न्याहाळलं होतं आणि न दाखवताच निघून गेली होती. टाके वाकडे असणार, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं. आता मुलगी दुसऱ्या गावी असते, आणि फोन बापाला करते.

"आण, मी घासतो," नवरा म्हणाला.

तिनं तवा सोडला. तो चुकीचंच घासत होता, कडा सोडून, नको तिथे जोर लावत, जीभ दातात धरून. सांगायचं होतं. ओठ उघडलेही. पण तो मध्येच मान वर करून तिच्याकडे बघेल, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय असेल ते त्याला कळेल, मुलीला कळायचं, गिरणीतल्या सगळ्यांना बहुधा कळत असेल... तिला एकटीलाच नाही. ती ओट्याकडे पाठ करून उभी राहिली. मूर्ख माणूस, ती मनात म्हणाली, नेहमीच्याच सवयीनं, आणि गालाचा एक स्नायू हलला – हाच हलत होता तर, इतकी वर्षं – तो सैल कसा सोडायचा, हे तिला काही केल्या समजेना.