नऊ नंबरच्या खाटेचं पान

"काय कापायचं ते कापा, बाई. पण नऊ नंबरच्या खाटेचं पान आहे तसं राहू द्या."

सिस्टरचा तो आवाज संपादक बाईंच्या कानात होता आणि समोर प्रकाशनाचे मालक त्याच पानावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढत होते. सिस्टरना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"पुस्तक चांगलंच आहे हो," मालक म्हणाले. "पण हे पान म्हणजे दुधात मिठाचा खडा."

सिस्टरचा मुलगा खुर्चीच्या कडेला टेकला होता. "आईने जन्मभर लोकांचं केलं. आता मेल्यावर तिच्या नावाला काळं फासायचं? हे पान असेल तर मी सही देणार नाही."

प्रकाशनाच्या या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. दुसऱ्यांची पुस्तकं नीट करता करता डोळे अधू झाले, चष्मा जाड झाला. गेल्या वर्षी या निवृत्त नर्सबाई आठवणींच्या वह्या पिशवीत घालून त्याच टेबलाशी आल्या. संपादन म्हणजे नेमकं काय करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सगळ्यांना सांगत तेच सांगितलं. एका प्रकारात पुस्तकाची मांडणीच हलवतात. प्रकरणं मागेपुढे होतात, काही गळतातही. दुसऱ्यात वाक्यं घासूनपुसून घेतात. मग नावं, तारखा, तपशील एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. आणि छपाईच्या तोंडावर मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायची.

"म्हणजे मोठं ऑपरेशन, छोटं ऑपरेशन, केसपेपर लावणं आणि घरी सोडायच्या आधीची तपासणी," सिस्टर हसल्या. "माझ्या पेशंटला काय लागेल?"

"आधी वाचते, मग सांगते."

"शाब्बास! आधी ऑपरेशन ठरवून मग आजार शोधणारे पुष्कळ पाहिलेत मी."

वह्यांना वाक्यांपुरतं काम पुरेसं होतं. बाई ते मन लावून करत गेल्या आणि नऊ नंबरच्या खाटेशी अडल्या. दुपारची पाळी. सात नंबरच्या खाटेचं इंजेक्शन सिस्टरच्या हातून नऊ नंबरच्या पाच वर्षांच्या मुलाला गेलं. दिवेलागणीला मूल गेलं. कागद नंतर चूक झाकून भरले. त्यापुढे एक वाक्य होतं, ते बाईंना जास्तीचं वाटलं. मुलाच्या मिटलेल्या डोळ्यांवर पान संपलं तर अधिक भिडेल, म्हणून त्यांनी ते काढलं.

तपासलेली प्रत दाखवायला गेल्या, तेव्हा सिस्टर स्वतःच हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"इथलं वाक्य कुठे गेलं?"

"प्रसंग आधीच पुरा होतो, सिस्टर. तेवढ्यानेच जास्त परिणाम होतो."

"परिणाम?" सिस्टरना धाप लागली. "मुलाच्या आईला मी सांगितलं, तू बाहेरचं खायला घातलंस म्हणून गेला. एकतीस वर्षं झाली, ती बाई स्वतःला पोराची मारेकरी समजून जगतेय. हे एक वाक्य नुसतं लिहायचा धीर होत नव्हता, म्हणून भोवती दोनशे पानं लिहिली हो मी."

बाईंनी तिथेच, त्यांच्यासमोर, वाक्य पुन्हा लिहून काढलं.

"जुन्या बाजाराच्या मागे राहते ती, पत्ता वहीत आहे. तीनदा दारापर्यंत गेले. कडी वाजवली नाही." सिस्टरनी डोळे मिटले. "तिला अक्षर येत नाही. वाचून दाखवाल?"

"दाखवीन."

"पुस्तक निघालं नाही तरी?"

"तरी."

मालकांनी आता पानं बाईंकडे सरकवली. "मागचापुढचा मजकूर जोडून घ्या. मधलं पान गेलंय, हे वाचकाला कळता कामा नये. ते तुमच्याइतकं कोणाला जमत नाही."

ते खरं होतं. बाईंना आपल्या हातांची शरम वाटली.

"मी जोडणार नाही," त्या हळू म्हणाल्या. "मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, अब्रू आमची जाणार," मुलगा म्हणाला.

"बरं," मालक म्हणाले. "दुसरं कोणी जोडेल. पुस्तक थांबत नाही."

बाईंनी मान हलवली. हक्क मुलाचा होता, कचेरी मालकांची होती. पुस्तकातून ते पान गेलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "आईंची त्या पानाची वही मला द्याल? एका दिवसापुरती."

"कशाला?"

"नऊ नंबरच्या मुलाची आई हयात आहे."

पिशवीतून त्याने वही काढली आणि हातात न देता टेबलावर ठेवली. "माझं नाव सांगू नका तिथे. आणि काय झालं ते मला येऊन सांगू नका."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, अर्धी रजा लावू?"

"लावा."

जिना उतरताना बाई वाक्य मनात म्हणून पाहत होत्या. तिसऱ्या पायरीवर वाक्य अर्ध्यात राहिलं. त्या थांबल्या, देवाचं नाव घेतलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. बाईंनी वही पदराखाली धरली, कोपऱ्यावरच्या फळवाल्याला जुन्या बाजाराची वाट विचारली आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागल्या.