लिंबाळवाडीचा मेळावा

तंबू आले होते, पण तंबूच्या काठ्या आल्या नव्हत्या.

लातूरच्या शाळेच्या मैदानात ट्रक उभा होता आणि वीरण्णा सर डोक्याला हात लावून त्याच्या मागच्या फाळक्याशी उभे होते. हमालानं शेवटचं गाठोडं खाली टाकलं. तेही कापडाचंच निघालं.

"आणखी काय हाय आत?" सरांनी विचारलं.

"झाकणं हायत."

"कशाची झाकणं?"

"पातेल्याची. पातेली न्हाईत, नुसती झाकणं."

बाजूला उभ्या असलेल्या तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि नवा जिल्हा झाला की सगळ्याचीच वाटणी होते. कचेऱ्यांची, कारकुनांची, जीपगाड्यांची. तशी स्काऊट-गाईडच्या जिल्हा संस्थेचीही झाली. जुन्या जिल्ह्याचे आणि नव्या जिल्ह्याचे गुरुजी समोरासमोर बसले आणि सख्ख्या भावांत जुंपावं तसं त्यांच्यात जुंपलं. धड तंबू कुणाचे, फाटके कुणाचे? शेवटी नव्या संस्थेचा कारभार बघणाऱ्या वीरण्णा सरांनीच तोडगा काढला, की चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्या लिहिल्याही त्यांनीच. सर पडले गणिताचे मास्तर. त्यांनी कापडाची चिठ्ठी वेगळी केली, काठ्यांची वेगळी, पातेल्यांची वेगळी आणि झाकणांचीही वेगळी. मग काय, धड संसार कुणाच्याच पदरात पडला नाही.

"सर, तिकडं ते बी डोकंच धरून बसले असतील," तारामतीबाई म्हणाल्या. "नुसत्या काठ्या रोवून काय करतील बिचारे?"

"हसा बाई, हसा. माझीच करणी हाय, बोलू कुणाला?" सर गाठोड्यावरच बसले. "बरं, मंडपवाल्याकडून बांबू आणू. ते जाऊ द्या. ऐतवारी मेळावा हाय. नव्या जिल्ह्याचा पहिला. मुंबईहून राज्य संस्थेचे साहेब येऊन राहिलेत. गाईड विभागाला मंजुरी द्यायची का न्हाई, ते पोरींचं संचलन बघून ठरवणार. तुमचं पथक पाह्यजेच. आणि जिल्ह्याच्या गाईड आयुक्त म्हणून तुमचंच नाव पुढं करतो मी."

तारामतीबाईंचं हसू थांबलं. त्या निलंग्याला राहायच्या आणि रोज एसटीनं लिंबाळवाडीच्या शाळेत शिकवायला जायच्या. शाळा सुटली की पोरींचं गाईड पथक. त्याचा पगार नाही, भत्ता नाही. नवरा गमतीनं म्हणायचा, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतेस. जुन्या जिल्ह्याच्या बैठकांना त्या वर्षानुवर्षं एसटीचे धक्के खात गेल्या. तिथं त्यांची खुर्ची नेहमी दाराजवळची, आणि बैठक रंगात आली की कुणीतरी म्हणायचंच, बाई, जरा चहाचं बघता का? त्यांनी चहाचं पाहिलं. पण आपल्याच माणसांच्या बैठकीत एकदा तरी मधल्या खुर्चीवर बसून बोलावं, ही इच्छा त्यांच्या मनात घर करून होती. ती वाईट आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

"आणते पोरी," त्या म्हणाल्या. "सगळ्या आणते."

*

लिंबाळवाडीत त्या साली विहिरींनी तळ गाठला होता. गावाला टँकर यायचा, तोही ठराविक वारी नाही, पंचायतीत निरोप येईल तेव्हा. तारामतीबाई भीमनगरात साखराबाईंच्या दारात पोचल्या तेव्हा साखराबाई खडी फोडून नुकत्याच आल्या होत्या आणि हाताला तेल चोळत होत्या. त्यांची गौतमी पथकातल्या मोगरा संघाची, म्हणजे एका तुकडीची, नायिका. पोरगी आवाजानं खणखणीत आणि पायानं पक्की. तिच्याशिवाय संचलन म्हणजे मीठ विसरलेलं कालवण.

"जय भीम बाई. बसा." साखराबाईंनी पोतं झटकून टाकलं. "लातूरचं कळलं मला. पन ऐतवारी टँकर हाय."

"एक दिवस, साखराबाई. सकाळी न्हेते, सांजच्याला आणून सोडते."

"एक दिवस म्हनता. मागच्या टायमाला काय झालं? आधी गावाचं भरलं, मग आमचं. आमच्यापत्तूर आलं तवा नळीतून नुसती हवा निघून राहिली होती. ही पोरगी ताठ हाय, दोन घागरी लढून आनते. ती गेली तर पानी कोन आनंल? मी कामावर, धाकटं लेकरू तापलेलं."

"नव्या जिल्ह्यात पोरींचं नाव व्हायला पाह्यजे म्हणून म्हणते मी."

"नाव व्हावं की. मलाबी वाटतं." साखराबाईंनी हात पुसले. "पन मला सांगा बाई, संचलन बघून तहान भागती का?"

तारामतीबाईंना त्या प्रश्नाचा रागच आला. त्या गौतमीकडे न बघताच उठल्या. गावातलं बडं प्रस्थ असलेल्या गुरुलिंग आप्पांच्या नातीकडे, नागम्माकडे गेल्या. ती गुलाब संघाची नायिका. तिथं पोतं नव्हतं, खाट होती, पण उत्तर तेच. टँकर आहे, पोरगी येणार नाही. अख्ख्या गावात फिरून झालं. ज्या पोरींच्या जिवावर ही मधली खुर्ची मिळणार होती, त्या सगळ्या घागरीला बांधलेल्या होत्या.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसल्यावर त्यांचा राग निवळला. लहानपणी आपल्या वस्तीच्या घागरी घेऊन त्याही अशाच शेवटी उभ्या राहिल्या होत्या. मेळाव्यासाठी त्याच लेकरांना रांगेतून ओढून न्यायला आपण निघालो, याची त्यांना लाज वाटली. आणि निलंग्याचा स्टँड येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट लातूर गाठून वीरण्णा सरांसमोर उभ्या राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती.

"सर, पोरी येत न्हाईत. मी बी येत न्हाई. आमचा मेळावा ऐतवारी टँकरपाशी हाय. तंबूची कापडं पडून हायत ना, त्यातली चार फाटकी मला द्या."

सर बघतच राहिले. "बाई, आयुक्तपद हातचं जाईल. साहेबांपुढं मी काय तोंड दाखवू?"

"जाईल," तारामतीबाई म्हणाल्या. "मला पाह्यजे होतं ते, खोटं कशाला बोलू. पन कापडं द्या."

सरांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण कापडं दिली. चारऐवजी सहा दिली आणि वर दोरीचं वेटोळंही ठेवलं.

*

रविवारी लातूरच्या मैदानात बँड वाजत होता तेव्हा लिंबाळवाडीच्या चावडीपुढं पोरी काटे चुकवत बाभळींवर चढल्या होत्या. कापडाची टोकं फांद्यांना बांधली, मधे सैल सोडली, की खाली सावली. तंबूला काठ्या नव्हत्या, पण बाभळींना फांद्या होत्या. पोरी सगळ्या निळ्या गणवेशात, गळ्यात स्कार्फ. बायाबापड्यांना कळेना, की आज झेंडावंदन आहे का टँकर.

टँकरचा हॉर्न वेशीवर वाजला आणि नेहमीसारखी झुंबड उठली. तारामतीबाईंनी लांब शिट्टी दिली. संघनायिका धावत आल्या.

"घागरी गल्लीपरमानं न्हाई लावायच्या. संघापरमानं लावायच्या. शिबिरात ताटं मांडतो तशा. घरच्यांना पटवायचं ते तुमचं काम."

यात मोठी मेख होती. शाळेत संघ पाडताना बाईंनी गाव आणि वस्ती असं बघितलंच नव्हतं. गुलाबात गावच्याही पोरी होत्या आणि भीमनगरच्याही. मोगऱ्यातही तसंच. तेव्हा संघाप्रमाणे घागरी लागल्या म्हणजे एक गावची, एक वस्तीची, पुन्हा गावची, अशी सगळी सरमिसळ झाली. आधी कुणाचं नि मग कुणाचं, हे रांगेकडे बघून कुणाला सांगता येईना.

गुरुलिंग आप्पांच्या मात्र ते ध्यानात आलं. काठी टेकत ते पुढं आले.

"ए नागम्मा, ही कुठली रीत? आपली घागर कुठं हाय?"

"मागं हाय आज्जा. गुलाबाच्या शेवटी."

"शेवटी? कुणी ठेवली?"

"मी. मी नायिका हाय संघाची. नायिकेनं आधी सगळ्यांचं भरू द्यायचं, मग आपलं. शिबिरात जेवायला बी मी शेवटीच बसते."

"हे शिबिर हाय का?"

"हाव," नागम्मा म्हणाली.

आप्पांनी तारामतीबाईंकडे रोखून पाहिलं. म्हातारा बिथरला तर सगळा खेळ खलास, आणि गावात शाळा चालवणंही अवघड. पण आप्पांच्या पुढ्यात परकं कुणी नव्हतं, पोटची नात होती, आणि ती काही मागत नव्हती. उलट आपल्याच घरची घागर तिनं मागं ठेवली होती. तिच्याशी भांडायचं तरी कसं? ते पुटपुटत सावलीला जाऊन बसले. तिथं साखराबाई बसल्या होत्या. त्या कामाचा खाडा करून आल्या होत्या. आप्पा बसताना थोडे अंग चोरून बसले, पण उठले नाहीत.

नळी सुटली. पोरी एकेक घागर पुढं सरकवत होत्या, दुसरी भरलेली बाजूला नेत होती, सांडलेलं पाणी तिसरी परातीत धरत होती. एकदा मागून ढकलाढकली झाली तेव्हा गौतमीनं असा काही 'सावधान' दिला, की टँकरचा ड्रायव्हरही ताठ उभा राहिला. बाया खो खो हसल्या. टँकरवर बाया हसलेल्या तारामतीबाईंनी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

पाणी सगळ्यांना पुरेपूर पुरलं, असं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटच्या घागरी अर्ध्याच भरल्या. पण त्या अर्ध्यांत गौतमीची होती आणि नागम्माचीही होती.

*

दोन दिवसांनी वीरण्णा सर स्वतः निलंग्याला घरी आले. चप्पल काढायलाच त्यांनी फार वेळ लावला.

"गाईड विभागाला मंजुरी मिळाली बाई. लातूरच्या शाळांतल्या पोरी होत्या संचलनाला, त्यावर भागलं."

"मग चांगलंच झालं की."

"आयुक्त म्हणून शिवकांताबाईंना नेमलं. आपल्या संस्थेचे अध्यक्ष महादेवप्पा, त्यांच्या सूनबाई."

"त्यांना गाईडिंग येतं का काही?"

"मोटार हाय त्यांच्याकडं," सर खाली बघत म्हणाले.

चहा ठेवते म्हणून तारामतीबाई आत गेल्या. स्टोव्हपुढं उभ्या असताना त्यांना रडू आलं. आपणच सोडलं होतं, कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, तरी आलं. चहा उतू गेला तो त्यांना सरांनी बाहेरून हाक मारल्यावर कळला.

पुढच्या टँकरच्या दिवशी नेमकी त्यांची एसटी फाट्यावर पंक्चर झाली. त्या उन्हात रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. आपण नसलो तर पोरींचं काय होईल? आप्पा बिथरले तर? एवढ्यात धुरळा उडवत एक मोटार येऊन थांबली. आत वीरण्णा सर आणि एक तरुण बाई. जरीकाठाची साडी आणि चेहऱ्यावर अवघडलेपण.

"बसा बाई, लिंबाळवाडीलाच निघालो," सर म्हणाले. "ह्या शिवकांताबाई."

गाडी हलली. तारामतीबाईंनी मनात दोन टोचरी वाक्यं तयार केली होती. पण त्याआधी शिवकांताच बोलली.

"बाई, मला साधी गाठ बी मारता येत न्हाई. मामंजींनी नाव घातलं. मी न्हाई म्हणून सांगायला सरांकडं गेले, तर ते म्हनाले, आधी पोरी बघा, मग सांगा."

तारामतीबाईंनी ती वाक्यं गिळली. "गाठी शिकवीन मी," त्या म्हणाल्या. "दांडी धरून बसा, रस्ता लई खराब हाय."

गावात पोचले तेव्हा टँकर आधीच आलेला होता. चावडीपुढं कापडं ताणलेली होती, घागरी संघाप्रमाणे लागलेल्या होत्या. तारामतीबाईंचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. तेवढ्यात पुढून शिट्टी वाजली. ती नागम्माची होती. रांग एक घागर पुढं गेली. बाईंनी आपली शिट्टी सोडून दिली. त्यांना फार आनंद झाला आणि जरा पोरकंही वाटलं.

शिवकांताच्या घशाला कोरड पडली होती. हातातला रिकामा थर्मास घेऊन ती सरळ टँकरच्या नळीकडे निघाली. गौतमी आडवी आली.

"बाई, रांग हाय."

"अगं पोरी," वीरण्णा सर मागून ओरडले, "आयुक्त हायत त्या! आपल्या जिल्ह्याच्या!"

गौतमीनं टाचा जुळवल्या आणि तीन बोटांची कडक सलामी दिली. मग तोच हात खाली आणून तिनं रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.

सरांनी तारामतीबाईंकडे पाहिलं, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. तारामतीबाई शिवकांताला घेऊन रांगेच्या टोकाला गेल्या आणि तिच्या मागं उभ्या राहिल्या. सरही टोपी सावरत आले. पुढं बसलेल्या साखराबाईंनी वळून तिघांकडे पाहिलं, आपली घागर जराशी सरकवली आणि त्यांना सावलीत जागा करून दिली.