पिवळ्या रेषेबाहेर

मेहुण्याने बोट थुंकीने ओलं करून पान उलटलं, तेव्हाच समोर बसलेल्या त्याला शिसारी आली.

"दाजी, अपघाताच्या अहवालावर इथे सही करा. अचानक जोराचा वारा आला, ताईचा तोल गेला, डोकं कठड्यावर आपटून ती गेली. एवढंच लिहिलंय."

हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या हेलिपॅडवर तो बावीस वर्षं कामाला होता. मेहुणा खाली ऑफिसात. कागद वाचायला त्याने खिशातून चष्मा काढला. त्या दिवशी हाच चष्मा तो घरी विसरला होता आणि बायको द्यायला आली होती. "पिवळ्या रेषेबाहेर थांब, हेलिकॉप्टर उतरलं की येतो," असं त्यानेच सांगितलं होतं. ती रेषेबाहेरच थांबली होती.

"वारा नव्हता," तो म्हणाला. "दर वेळी उतरण्याआधी वाऱ्याची नोंद मीच करतो. वारा दाखवणारी कापडी नळी काठीला नुसती लोंबत होती."

"मग काय, भुताने ढकललं?"

"हेलिकॉप्टरने. हवा खाली ढकलतं म्हणून तर ते वर राहतं. वजन जास्त तितकी हवा जोरात ढकलायची. ती खाली आपटते आणि चहूकडे सुटते. जुनं अडीच टनांचं होतं, नवं पाच टनांचं. पंखा तेवढाच. मारा दुप्पट झाला आणि रेष राहिली जुन्याच जागी. लेखी दिलं होतं मी. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले."

मेहुणा खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "यंदा माझी बढती आहे हो. आणि रेष आखली कोणी? तुम्हीच ना? तुमचंही नाव येईल."

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी याच टेबलावर डोकं टेकून हा ताई ताई करत रडला होता. आणि आपण तरी काय दिवे लावले? एक अर्ज टाकला आणि तीन महिने त्याच रेषेमागे माणसं उभी करत राहिलो.

"येऊ दे," तो म्हणाला.

'वारा' या शब्दावर त्याने काट मारली. खाली लिहिलं: 'हेलिकॉप्टरने ढकललेली हवा. रेष फार जवळ आहे हे मला ठाऊक होतं. तरी तिला मीच तिथे उभं केलं.' आणि सही केली.

"असला कागद मी साहेबांपुढे कसा ठेवू?"

"तू नको ठेवूस. मीच नेतो." त्याने कागदाची घडी घातली. "तू आधी हात धू."