साक्षीचा रविवार

गुरुवारी सकाळी सून कामाला गेल्यावर सासूबाईंनी तिचा चहाचा कप विसळण्याआधी नाकाशी नेला. बारा वर्षांची सवय ती. कपाला नुसता चहाचा वास होता. पण तेवढ्यावर समाधान मानतील तर त्या सासूबाई कसल्या!

सून दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करी. दोनला सुटे आणि अडीचच्या आत घरी येई. गेले तीन गुरुवार मात्र तिला साडेतीन वाजत होते.

"कुठे होतीस गं?"

"काम होतं, आई."

"कसलं काम?"

"होतं थोडं."

सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ही गोष्ट मुलाला सांगितली नाही, तो बसचालक, सदा ड्यूटीवर. सांगितली ती महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना. म्हणजे गावभर दवंडी पिटल्यासारखंच.

सुनेचं जुनं सगळ्यांना तोंडपाठ होतं. तरुणपणी तिला दारूचं व्यसन जडलं होतं, आणि एका दुपारी चार महिन्यांची मुलगी बसथांब्याच्या बाकावर विसरून ती निघून गेली होती. त्यानंतर ती सावरली. प्रार्थनेला जाऊ लागली, तिनं बाप्तिस्मा घेतला, अकरा वर्षांत थेंबाला शिवली नाही. प्रार्थनामंदिराच्या मंडळीला आनंद झाला. इतका झाला, की दर वर्षी साक्षीच्या रविवारी, म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते सगळ्यांपुढे सांगायच्या दिवशी, तिलाच उभं करायची रीत पडून गेली. कारकून, शिक्षक, औषधवाले यांना कोणी उभं करत नसे. त्यांच्या आयुष्यात देवाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं जणू! अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत रुमाल घेऊन तयार असत. बाळ एकटं बाकावर राहिलं, इथे डोळे पुसायचे हे ठरलेलं. एखाद्या वर्षी तिनं एखादी गोष्ट गाळली, की बाहेर पायऱ्यांवर कुजबुज होई, "लपवते आहे काहीतरी. परत सुरू झालं नसेल ना?" म्हणून ती बिचारी काही गाळत नसे.

यंदा मुलीला बारा वर्षं पूर्ण झाली होती. त्या वयाची मुलं लहानांच्या वर्गातून उठून उपासनेला मोठ्यांत बसत. बाकावर विसरलेलं ते बाळ आपणच, हे पोरीला ठाऊक नव्हतं.

चौथ्या गुरुवारी सासूबाई छत्री घेऊन सुनेच्या मागे निघाल्या. दारूच्या दुकानाशी त्या थबकल्या. सुनेनं तिकडे मानही वळवली नाही. ती सरळ प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या दारानं पाळकसाहेबांच्या कचेरीत शिरली. इथे हिचं काय काम? सासूबाईंनी दाराला कान लावला.

"साहेब, यंदा तरी मला सोडा. माझी पोर समोर बसणार आहे. तिला हे माझ्याकडून कळू द्या, घरी, आम्ही दोघीच असताना."

"मला कळतं हो बाई. पण बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. तुमची साक्ष ऐकून दोघांनी दारू सोडली. आणि आता नाही म्हणालात तर लोक काय समजतील?"

"तेच समजतील, साहेब. दर वर्षी तेच समजतात."

सासूबाई आल्या पावली परत फिरल्या. वाटेत त्यांना आपलीच लाज वाटली.

रविवारी सून पुढे उभी राहिली. मुलगी तिसऱ्या रांगेत आजीला चिकटून बसली होती.

"मी दवाखान्यात इस्त्री करते," सून म्हणाली. "या आठवड्यात एक चादर जळाली, ते मी कबूल केलं. माझ्या मुलीला गणित येत नाही. मलाही येत नाही. आम्ही दोघी मिळून रडतो आणि मग परत करून बघतो. प्रभूचे उपकार आहेत. झाली माझी साक्ष."

अध्यक्षीणबाईंचा रुमाल हातातच राहिला. "अहो, खरी साक्ष सांगा ना!"

"हीच खरी आहे."

"तसं नव्हे हो. ती, आधीची."

"आधीची इथे दहा वेळा सांगितली, बाई. देवानं माफ केलं तेव्हा एकदाच ऐकली होती."

मागून कोणीतरी म्हणालं, "घसरली वाटतं परत. दर गुरुवारी उशिरा घरी जाते म्हणे." सासूबाईंनी आपलं वाक्य ओळखलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"गुरुवारी ती कुठे जाते ते मला ठाऊक आहे. मी तिच्या मागावर गेले होते."

सगळ्या माना वळल्या.

"ती इथे येते. यंदा मला सोडा म्हणून हात जोडायला येते. खरं ना, साहेब?" पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "संशय पसरवला तो मी. आता माझी साक्ष ऐका. बारा वर्षं मी हिचा कप हुंगते. अकरा वर्षांत एकदाही काही सापडलं नाही, तरी हुंगते. हिची दारू सुटली, माझं हे सुटत नाही. पण मला कधी कोणी उभं केलं नाही."

त्या बसल्या. आमेन कोणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं मुलीला सगळं सांगितलं. पोर रडली. मग म्हणाली, "मला परत घ्यायला कोण आलं?"

"मीच. अर्ध्या वाटेत आठवलं. अनवाणी धावत आले."

"हे तू तिथे कधीच सांगितलं नाहीस?"

"तिथपर्यंत पोचूच दिलं नाही कोणी. बाळ बाकावर राहिलं की सगळे रडायचे आणि गीत सुरू व्हायचं."

पुढच्या वर्षीच्या साक्षीसाठी प्रार्थनामंदिराच्या दारात आता नावं लिहायला कागद लावला आहे. सुनेचं नाव त्यावर नाही. सासूबाईंचं आहे, त्यांनी ते स्वतः लिहिलं. खालच्या ओळी अजून रिकाम्या आहेत, आणि पेन्सिल दोऱ्यानं तिथेच बांधून ठेवली आहे. वाचकहो, आपण कोणाचा कप हुंगतो, हे ज्याचं त्याला ठाऊक.